सोपी प्रदक्षिणा

कष्टावाचून लाभलेल्या सुखाविषयी आपल्या पांढरपेशा समाजास एक जुना संशय आहे. विद्या कष्टाने मिळवलेली असावी, पैसा कष्टाने मिळवलेला असावा, हे ठीकच. परंतु डोळ्यांस दिसणारे सौंदर्यदेखील घाम गाळल्याशिवाय आपले म्हणवण्यास आपण कचरतो. आमचे कोथरूड हे ह्या वृत्तीचे चांगले उदाहरण आहे. एके काळी पुण्याबाहेरचे हे एक खेडे होते. आज ते शहराच्या पोटात पुरते सामावले आहे, आणि येथील रहिवाशास अंगणाऐवजी सज्जा लाभला आहे. तरी पहाटे म्हातोबाच्या टेकडीवर चढणाऱ्यांची रांग तुटत नाही, आणि रविवारी राजगड किंवा तोरणा करून आलेला गृहस्थ सोमवारी पाय ओढत चालतो तो काहीशा अभिमानाने. अशा मंडळींत कोणी ‘आम्ही हरिहरेश्वरास जाऊन आलो’ असे म्हटले, तर ‘तेथे काय, मोटार देवळापर्यंत जाते’ एवढ्या एका वाक्यात त्याची वासलात लागते. वाक्य खरे आहे. मोटार देवळाजवळ जाते, आणि पुढची समुद्राकाठची वाट सहा वर्षांचे पोर व त्याची आजी एकमेकांचा हात धरून चालू शकतील अशी आहे. प्रश्न एवढाच की, वाट सोपी आहे म्हणून तिच्यावरून जे दिसते ते कमी मोलाचे ठरते काय?

ह्याचा निर्णय करण्यापूर्वी ती वाट कशी आहे हे सांगितले पाहिजे. पौड रस्त्याने निघून मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेने ताम्हिणी घाट उतरला, की माणगाव, म्हसळे करीत चार-पाच तासांत मनुष्य श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकास पोहोचतो. तेथे सावित्री नदी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशी हरिहरेश्वराचा डोंगर उभा आहे. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथाचे गाव. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. देवालयाचा जीर्णोद्धार १७२३ साली पहिल्या बाजीरावाने केल्याचे सांगतात. देवळांच्या मागच्या अंगाने काही पायऱ्या चढावयाच्या, मग दोन कड्यांमधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्यांनीच खाली उतरावयाचे. खिंड संपते तेथे समुद्र एकदम समोर येतो. त्यापुढे डावीउजवीकडे पसरलेला सपाट कातळ आहे. हजारो वर्षे लाटांनी डोंगराचा पाया कापून काढल्यामुळे ही बैठक तयार झाली आहे. बाजूच्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे दिसतात. खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, उन्हाने सुकते, मिठाचे स्फटिक फुगून कण कण सुटा करतात. त्या सावकाश कारागिरीचे हे काम. मधून मधून गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी नावे दिलेली ठिकाणे आहेत. अशा रीतीने डोंगरास वळसा घालून वाट पुन्हा वस्तीजवळच्या पुळणीवर येते. सारा प्रकार तासाभराच्या आतला. ह्यास प्रदक्षिणा म्हणतात.

आता कष्टवाद्यांची बाजू घ्यावी. त्यांच्या पाठीशी मोठमोठे आधार आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत; जे आरंभी विषासारखे व शेवटी अमृतासारखे ते सात्त्विक, आणि जे आरंभी गोड व परिणामी कडू ते राजस. वारकरी आळंदीहून पंढरपुरास पायी जातो. मोटारीने जाणाऱ्यासही विठोबा तोच दिसतो, तरी दोघांचे दर्शन एक आहे असे म्हणण्यास आपले मन धजत नाही. हे सारे मान्य करूनही मला वाटते की, येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होत आहे. गीतेतील विवेचन आत्मबुद्धीच्या प्रसन्नतेतून उपजणाऱ्या सुखाचे आहे. ते अभ्यासाने येते असे तेथे म्हटले आहे, चढणीने येते असे नाही. वारीचे म्हणावे तर वारकऱ्यास कष्टांची हौस नसते. त्यास संगत हवी असते, नामस्मरण हवे असते, आणि पूर्वी दुसरे वाहनही नव्हते. चालण्याचा त्रास हा त्या साऱ्याबरोबर आलेला आहे. तो वारीचा गाभा आहे असे मानणारा वारकरी मला तरी भेटलेला नाही. असे मानणारे लेखक मात्र पुष्कळ भेटतात.

शिवाय, कष्टाने मिळालेल्या दृश्यात एक भेसळ असते, तिच्याकडे आपण सोयीस्कर डोळेझाक करतो. गडाच्या माथ्यावर पोहोचलेला मनुष्य खालच्या दऱ्याखोऱ्यांकडे पाहतो, तेव्हा तो दरी पाहतो की स्वतःची चढण पाहतो? प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे तर दोन्ही. त्याच्या आनंदातील काही हिस्सा दृश्याचा व काही हिस्सा पराक्रमाचा असतो. पराक्रमाच्या हिश्शास मी कमी लेखत नाही. तो मनुष्यास बळ देतो, नम्रही करतो. पण तो हिस्सा सौंदर्याच्या खात्यात जमा करणे हा हिशेबातील घोटाळा आहे. कोजागिरीचा चंद्र गच्चीवर बसून, हातात दुधाचा पेला घेऊन पाहता येतो. त्यासाठी काही करावे लागत नाही म्हणून तो हलका आहे असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. सोप्या वाटेने समुद्रासमोर गेलेल्या माणसाजवळ पराक्रमाचे भांडवल नसते. त्यास दृश्यच पाहावे लागते, आणि ते त्यास पाहता येत नसेल तर लपवावयास जागा उरत नाही. हरिहरेश्वराच्या खिंडीतून उतरून अवघ्या दोन मिनिटांत छायाचित्रे घेऊन परत फिरणारी मंडळी दिसतात ती ह्यामुळेच. त्यांस वाट सोपी पडली. पाहणे अवघड गेले.

हा वाद जुना आहे, आणि इंग्रजी काव्याच्या वर्गात तो दरवर्षी मला नव्याने भेटतो. १८४४ साली इंग्लंडातील सरोवरप्रांतात केंडलहून विंडरमियरपर्यंत लोहमार्ग नेण्याचे ठरले, तेव्हा वृद्ध वर्ड्‌स्वर्थने त्याविरुद्ध सुनीत लिहिले आणि एका वृत्तपत्रास दोन लांब पत्रे पाठविली. निसर्गसौंदर्याची आवड उपजत नसते, ती हळूहळू संस्काराने येते. गिरण्यांतील मजुरांस गाडीत भरून तळ्याकाठी आणून सोडल्याने त्यांचे भले तर होणार नाहीच, उलट ज्यांना ती आवड आहे त्यांची शांतता तेवढी जाईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याने गावाजवळच्या शेतांतून फिरण्याचा उपदेश त्या मजुरांस केला. गंमत अशी की, सरोवरप्रांताचे लोकप्रिय प्रवासमार्गदर्शक ह्याच कवीने लिहिले होते. लोहमार्ग १८४७ साली व्हावयाचा तो झालाच.

वर्ड्‌स्वर्थचे पहिले विधान खोटे नाही. पाहणे शिकावे लागते. पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. शिकावयाचे असेल तर पाहावयास आधी मिळाले पाहिजे, आणि सौंदर्याच्या दारावर कष्टांचा पहारा बसवला म्हणजे आत जाणारे अधिक रसिक असतील असे मुळीच नाही. ते फक्त अधिक धट्टेकट्टे असतील, अथवा अधिक रिकामे. आपल्या पूर्वजांनी ह्या बाबतीत पुष्कळ उदार विचार केला होता. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मास तीर्थांचे माहात्म्य सांगतात. त्यांचा मुद्दा असा की, यज्ञास पुष्कळ साहित्य लागते, ते राजांना व श्रीमंतांनाच जमते. ज्याच्यापाशी द्रव्य नाही त्याच्यासाठी तीर्थयात्रा आहे, आणि तिचे फळ यज्ञाहूनही मोठे आहे. म्हणजे तीर्थ हे मुळात दुर्लभाचे सुलभीकरण आहे. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा त्याच जातीची. कुलदैवताच्या दर्शनास आलेले कुटुंब, त्यातील लेकुरवाळी सून, काठी टेकीत चालणारा म्हातारा, नवसाचे पोर, ह्या सर्वांना पेलेल अशी ती आखलेली आहे. खिंडीतील पायऱ्या ज्यांनी घातल्या त्यांना समुद्राचे रौद्र रूप गृहस्थाश्रमी माणसाच्या आवाक्यात आणावयाचे होते. ज्या काळी आपल्याकडील कित्येक स्त्रियांस घराबाहेरचे जग असे काही नव्हतेच, त्या काळी देवाच्या निमित्ताने त्यांस एवढा मोठा समुद्र उघड्यावर पाहावयास मिळाला, हे मला ह्या वाटेचे सर्वांत मोठे पुण्य वाटते. ‘तेथे काय, मोटार देवळापर्यंत जाते’ असे म्हणणारा गृहस्थ आपल्या आजीस हे वाक्य ऐकवील काय?

इथपर्यंत मी सुलभतेची वकिली केली. तिची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि खरे म्हणजे तीसाठीच हा लेख लिहावयास घेतला.

हरिहरेश्वराची वाट सोपी आहे ती ओहोटीच्या वेळी. भरती आली की तोच सपाट कातळ पाण्याखाली जातो, आणि उधाणाच्या दिवशी पाणी पुरुषभराहून अधिक चढते. मागे कडा, पुढे लाटा, आणि परतीची वाट दोन्ही अंगांनी तुटलेली, अशी स्थिती तेथे पाहता पाहता येते. आजवर तेथे माणसे वाहून गेली आहेत. धोक्याचे फलक लावलेले आहेत, ते उगाच नव्हेत. म्हणजे ह्या वाटेचा सोपेपणा तिच्या अंगचा गुण नाही. समुद्राने दिवसातून दोन वेळा काही घटकांपुरता दिलेला तो परवाना आहे. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्याच्याजवळ एक जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ह्या हिशेबाने पाहा: पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर भरती सव्वाअकराच्या आसपास येते, आणि ती उधाणाची असते. कोथरूडहून सकाळी सहाला निघालेले कुटुंब नेमके त्याच सुमारास तेथे उतरते! पौर्णिमेस देवदर्शन घडले म्हणून ते आनंदात असते, दुपारी जेवून परत निघावयाचे असते, आणि प्रदक्षिणेची तेवढी वेळ मात्र समुद्राने त्या दिवशी आपल्याकडे ठेवलेली असते.

अशा वेळी त्या माणसाने काय करावे हे उघड आहे. त्याने परत फिरावे. पण येथेच एक चमत्कारिक नैतिक अडचण उभी राहते. अवघड शिखराच्या अलीकडून परत फिरणाऱ्यास आपण विवेकी म्हणतो. हिमालयात माथा दोन-चारशे फुटांवर असताना हवा पाहून मागे वळलेल्या गिर्यारोहकाची आपण वाखाणणी करतो, आणि ती योग्यच आहे. सोप्या वाटेवरून परत फिरणाऱ्यास मात्र हसू होते. ‘एवढी साधी प्रदक्षिणा, आणि ती सोडून आलात?’ ह्या एका प्रश्नाच्या धाकाने माणसे ओल्या कातळावर पाऊल टाकतात. अवघडपणा आपल्या भीतीस प्रतिष्ठा देतो. सोपेपणा तिला भेकडपणाचे रूप देतो. म्हणून सोप्या वाटेवर परत फिरण्यास जो संयम लागतो तो, माझ्या मते, शिखरावरून परतण्यास लागणाऱ्या संयमाहून काकणभर अधिकच आहे. तेथे टाळ्या वाजवावयास कोणी नसते.

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यविषयक ग्रंथात उदात्ताची मीमांसा करताना खवळलेल्या समुद्राचे उदाहरण दिले आहे. असे दृश्य जितके भयंकर तितके ते आपल्यास अधिक ओढून घेते, मात्र आपण स्वतः सुरक्षित जागी असले पाहिजे, असे तो म्हणतो. ही अट फार महत्त्वाची आहे, आणि कान्टसारखा आपला गाव सोडून फारसा कोठे न गेलेला मनुष्य ती सहज घालू शकला. परंतु ज्या मनुष्यास आपण सुरक्षित आहोत की नाही हेच कळत नाही, त्याचे काय? सह्याद्रीचा कडा आपले भय लपवीत नाही. तो दिसताक्षणी पाय आखडतो. किनाऱ्याची सपाट, मऊ पुळण आपले भय उघड करीत नाही. २०१६ सालच्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ती वार्ता आली त्या आठवड्यात पुण्यातील कोणत्याच शिक्षकास वर्गात धड बोलवले नसेल. ती मुले कोणत्या अचाट साहसास निघाली नव्हती. ती समुद्रावर गेली होती, इतकेच. त्यांच्या अविचाराविषयी तेव्हा जे बोलले गेले ते मला निर्दय वाटले होते. डोंगरावर नेताना आपण मुलांस दोर, बूट, वाट, हवा ह्यांविषयी शंभर गोष्टी सांगतो. समुद्रावर नेताना ‘फार आत जाऊ नका’ एवढेच सांगतो, आणि ‘आत’ ही जागा दर घटकेस सरकत असते हे आपल्यापैकी कितींना ठाऊक असते? तिथी कोणती, हे आता आपल्या घरांत गणपती व दिवाळी सोडली तर कोणी विचारीत नाही. दिनदर्शिका भिंतीवर असते. तीतील तो लहान आकडा वाचण्याचे प्रयोजन संपले आहे अशी आपली समजूत आहे.

मग ही वाट कायमची निर्धोक का करू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. कातळावर उंच सिमेंटचा पूल बांधावा, कठडे घालावेत, म्हणजे भरती असो की ओहोटी, प्रदक्षिणा केव्हाही करता येईल. सूचना सद्भावनेची आहे आणि तिला झिडकारणे मला सोपे जात नाही. कारण आत्ताच मी आजीची बाजू घेतली आहे. तरी मी त्या पुलाच्या विरुद्ध मत देईन. खिंडीतील पायऱ्यांनी आजीचे गुडघे सांभाळले आणि तिला समुद्रापाशी नेऊन सोडले. पूल तिला समुद्राच्या वरून नेईल. पाणी येते व जाते, त्याची एक वेळ असते, त्या वेळेशी आपली वेळ जुळवून घ्यावी लागते, हीच तर त्या प्रदक्षिणेतली मुख्य गोष्ट. पुलावरून चालणाऱ्यास ती कळण्याचे कारण उरणार नाही. अंगाचे श्रम वाचविणे निराळे आणि ज्याच्या भेटीस निघालो त्यासच मधून वगळणे निराळे. पायऱ्या दुरुस्त कराव्यात, हात धरावयास साखळी असावी, खिंडीच्या तोंडाशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, आणि पाणी चढू लागले म्हणजे ‘आता नाही’ असे ठामपणे सांगणारा एक मनुष्य तेथे बसवावा. त्या मनुष्याशी हुज्जत घालणारे पुष्कळ निघतील, बहुधा आमच्याच पेठांतले व उपनगरांतले. ‘आम्ही इतक्या लांबून आलो’ हे त्यांचे मुख्य प्रमाण असेल. ताम्हिणी घाटातील वळणे मोजून समुद्र आपली वेळ बदलीत नाही, हे त्यांना कोणीतरी एकदा ऐकवलेच पाहिजे.

साहाय्य कोठे थांबवावे, हा प्रश्न हरिहरेश्वरासमोरच, सावित्रीच्या पलीकडच्या तीरावर, काही माणसांनी फार समंजसपणे सोडविला आहे. बागमांडल्याहून तरीने वेसवीस उतरले आणि बाणकोटावरून पुढे गेले की वेळास लागते. हे नाना फडणिसांचे मूळ गाव. तेथील पुळणीपर्यंतची वाटही अशीच साधी, घरे व वाड्या ओलांडून जाणारी. हिवाळ्यात ह्या वाळूत समुद्रकासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे व कुत्री-कोल्ही नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांच्या साह्याने त्यांची राखण सुरू केली. घरटे सापडले की अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खळग्यात पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात. ती पाहण्यास पुण्यामुंबईची माणसे सकाळ-संध्याकाळ पुळणीवर जमतात, आणि त्यांना दोरीच्या अलीकडे उभे करतात.

तळहातावर मावणारी ती पिले टोपलीतून आणून वाळूवर सोडतात, पाण्यापासून काही अंतर राखून. तेवढे अंतर त्यांचे त्यांनीच चालावयाचे. ज्या वाळूवरून पिलू समुद्रात गेले, त्या किनाऱ्याची खूण त्याच्यात कोठेतरी उमटते, आणि मादी मोठी झाल्यावर त्याच मुलखात अंडी घालावयास परत येते, असे शास्त्रज्ञ मानतात. अंडी पुरण्यापासून राखणीपर्यंत सारे केलेली माणसे ह्या शेवटच्या दहा-वीस हातांत काही करीत नाहीत. पिलू उताणे होते, धडपडून सुलटे होते, लाट त्यास मागे लोटते, ते पुन्हा निघते. दोरीच्या अलीकडे उभी असलेली लहान मुले हमखास एकच गोष्ट विचारतात: त्याला उचलून पाण्यात का ठेवत नाहीत? बरोबरीचे वडील माणूस काही तरी उत्तर देऊ लागते, आणि तेवढ्यात पुढची लाट येते.